ग्रेसबाईंची सात घड्याळं आणि आमची न उघडणारी फाइल

रात्रीचे साडेअकरा. मलकापुरातली आमची खोली. हायवेवरून कोल्हापूरच्या दिशेनं जाणाऱ्या ट्रकांचा आवाज चालूच आहे आणि माझी रूममेट लॅपटॉपसमोर डोकं धरून बसलीये. ती इंजिनिअरिंगची, मी मास कॉमची. तिच्या स्क्रीनवर काय चाललंय यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण चेहरा कळतो. सकाळी प्रोजेक्टचा डेमो होता. सेन्सरनं साठवलेल्या नोंदींची फाइल एकेक अक्षर करत वाचायची आणि फाइल संपली की थांबायचं, एवढंच त्या प्रोग्रॅमचं काम. लॅपटॉपवर तो शहाण्यासारखा थांबायचा. रास्पबेरी पायच्या छोट्या बोर्डावर टाकला की थांबायचं नावच घेत नव्हता. चूक शोधायला तिनं लॅपटॉपवर डीबगर उघडला, तर त्यानं ती फाइल ओळखायलाच नकार दिला. बोर्डच खराब आहे असं सरांना सांगून मोकळं व्हावं, इथपर्यंत तिचा विचार गेला होता.

मदत तर मला करता येत नव्हती. म्हणून मी डीबग हा शब्द आला कुठून ते वाचत बसले आणि वाचता वाचता ग्रेस हॉपर नावाच्या बाईंमध्ये अडकले.

तुम्ही कॉम्प्युटरवाले असाल तर त्यांच्या नावाची एक गोष्ट तुम्ही नक्की ऐकली असणार. हार्वर्ड विद्यापीठात मार्क टू नावाचं भलंमोठं मशीन होतं. ९ सप्टेंबर १९४७ ला ते बिघडलं. उघडून बघतात तर ७० नंबरच्या रिलेमध्ये एक पतंग अडकून मेलेला. उडवायचा नव्हे, दिव्याभोवती फिरतो तो पतंग. तो काढून नोंदवहीत चिकटपट्टीनं चिकटवला आणि शेजारी लिहून ठेवलं की खराखुरा किडा सापडण्याची ही पहिली वेळ. वही आजही अमेरिकेत स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे, पतंगासकट. इथवर सगळं खरं. पण पुढं जे सांगतात, की हॉपरबाईंनी तो किडा शोधला आणि तेव्हापासून बग हा शब्द आला, ते खरं नाही. मशीनमधल्या दोषाला बग म्हणायची पद्धत थॉमस एडिसनच्या काळापासून आहे. आधीपासून शब्द होता म्हणून तर वहीतला तो विनोद जमला! किडा शोधणारे ऑपरेटर दुसरेच होते. ग्रेसबाई ही गोष्ट पुढं आयुष्यभर इतक्या रंगवून सांगत राहिल्या की ती त्यांच्याच नावावर चढली. मला वाटतं, या किड्यानं त्यांचं थोडं नुकसानच केलं. त्यांनी केलेलं मोठं काम मागं पडलं आणि किडा पुढं आला.

मोठं काम कोणतं, ते कळायला घड्याळांपासून सुरुवात करावी लागेल.

ग्रेस मरे जन्मली न्यूयॉर्कमध्ये, ९ डिसेंबर १९०६ ला. सात वर्षांची असताना गजराचं घड्याळ चालतं कसं ते बघायला तिनं एक घड्याळ उघडलं. ते परत जोडता येईना, म्हणून दुसरं उघडून बघितलं. असं करत करत घरातली सातही घड्याळं खोलून झाली. आईला कळल्यावर तिला एकच घड्याळ मिळालं, बाकीच्यांना हात लावायची बंदी. हे वाचताना तुम्हाला घरातल्या मिक्सरची किंवा भावाच्या रिमोटच्या गाडीची आठवण झाली असेल तर तुम्ही योग्य पानावर आहात.

पुढं व्हॅसर कॉलेजातून गणित आणि भौतिकशास्त्र, मग येल विद्यापीठातून १९३४ मध्ये गणितात पीएचडी. व्हॅसरमध्येच शिकवण्याची नोकरी, लग्न, सगळं सुरळीत. आणि मग महायुद्ध. पणजोबा नौदलात अ‍ॅडमिरल होते, त्यामुळं बाईंनाही नौदलातच जायचं होतं. नौदलानं नाही म्हटलं. एक तर वय जास्त, दुसरं वजन कमी. पन्नास किलोसुद्धा भरत नव्हत्या. तिसरं कारण म्हणजे गणिताच्या प्राध्यापकाची गरज कॉलेजातच जास्त आहे असं सरकारचं मत. पण त्या हटल्या नाहीत. कॉलेजातून रजा काढली, वजनाची सूट मिळवली आणि डिसेंबर १९४३ मध्ये नौदलाच्या महिला राखीव दलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात पहिल्या आल्या. त्यांच्याबरोबरच्या बऱ्याच मुली त्यांच्या विद्यार्थिनी शोभतील अशा वयाच्या होत्या. आपल्याकडं तिशीनंतर कोर्स बदलायचा म्हटलं तरी घरात बैठक बसते, त्यापुढं हे बघा.

जुलै १९४४ मध्ये त्यांना पाठवलं हार्वर्डला, हॉवर्ड आयकन यांच्या हाताखाली. तिथं मार्क वन होतं. एक्कावन्न फूट लांब, आठ फूट उंच, सुमारे साडेसात लाख सुटे भाग. सेकंदाला तीन बेरजा करायचं, एका गुणाकाराला सहा सेकंद घ्यायचं. तुमच्या हातातल्या मोबाइलशी तुलना करू नका, दोघांचाही अपमान होईल. आयकनसाहेबांनी पहिल्याच दिवशी काम हातात दिलं आणि मुदत आठवड्याची. मशीन काय आहे हे समजून घ्यायलाही वेळ नाही. तिथं आधीपासून असलेल्या दोन तरुण अधिकाऱ्यांना पांढऱ्या केसांची कुणीतरी मास्तरीणबाई येणार असं कळलं होतं, आणि तिच्या शेजारच्या टेबलावर कोणी बसायचं यावरून त्यांच्यात सौदेबाजी झाली होती म्हणे. नंतर तेच दोघे त्यांचे जवळचे सहकारी झाले.

मार्क वनला सूचना द्यायच्या त्या भोकं पाडलेल्या कागदी पट्टीतून. एक ओळ म्हणजे एक सूचना. तेच काम पुन्हा पुन्हा करायचं असेल तर पट्टीची दोन टोकं चिकटवून गोल करायची. एक भोक चुकलं की उत्तर चुकलं. चूक पट्टीत आहे, रिलेमध्ये आहे की मुळात आपल्या गणितात आहे, हे शोधण्यात रात्री जायच्या. युद्धातली मोठमोठी गणितं या मशीननं केली. त्यातलं एक अणुबॉम्बसाठी होतं, हे बाईंना मागाहून कळलं. मशीनची पाचशेहून जास्त पानांची माहितीपुस्तिकाही मुख्यतः त्यांनीच लिहिली.

युद्ध संपलं आणि गोष्टी घसरल्या. १९४५ मध्ये घटस्फोट. हार्वर्डमध्ये बाईमाणसाला कायम जागा मिळणार नव्हती. दारू वाढली, इतकी की एका मित्रानं पत्र लिहून खडसावलं. प्रेरणादायी लेखांमध्ये हा भाग सहसा गाळलेला असतो. मी ठेवलाय, कारण ज्या कामासाठी त्या आज ओळखल्या जातात ते सगळं याच्या नंतरचं आहे.

१९४९ मध्ये चाळिशी ओलांडलेल्या ग्रेसबाई फिलाडेल्फियाच्या एका नव्या कंपनीत रुजू झाल्या. एकर्ट आणि मॉकली या जोडीची कंपनी, युनिव्हॅक बनवणारी. तिथल्या आधीच्या बायनॅक मशीनची भाषा होती अष्टमान पद्धतीची, म्हणजे आठ आणि नऊ हे अंकच नाहीत, सातनंतर थेट दहा. बाई त्यात इतक्या मुरल्या की घरी बँकेच्या हिशोबाचा ताळमेळ लागेना. तीन संध्याकाळी त्यात गेल्या. भाऊ बँकेत होता, त्याला दाखवलं. त्यानं बघून सांगितलं की मधूनमधून तू वजाबाकी अष्टमानात केली आहेस. झालं होतं असं की मशीनची भाषा माणसानं शिकण्याच्या नादात माणूस स्वतःची भाषा विसरायला लागला होता.

बाईंना हे खटकलं. शिवाय त्यांनी आणखी एक गोष्ट बघितली होती. प्रोग्रॅमर मंडळी चालून बघितलेले तुकडे वहीत लिहून ठेवायची आणि नव्या प्रोग्रॅमसाठी एकमेकांच्या वहीतून उतरवून घ्यायची. उतरवताना पत्ते बदलायला बेरीज करावी लागे. बेरजेत चुका, उतरवण्यात चुका. मग त्यांच्या डोक्यात आलं की बेरीज करणं आणि नक्कल करणं हे तर मशीनचंच काम आहे, तेच त्याच्यावर का सोपवू नये? १९५२ पर्यंत ए-झीरो तयार झाला, जगातल्या पहिल्यावहिल्या कंपायलरांपैकी एक. गंमत म्हणजे चालणारी वस्तू समोर असून लोक तिला हात लावेनात. कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, तो प्रोग्रॅम लिहू शकत नाही, असंच सगळ्यांचं मत.

त्यानंतर त्यांनी धंद्याच्या हिशोबासाठी साध्या इंग्रजी शब्दांत लिहिता येईल अशी भाषा मांडली. वरिष्ठांना पटवायला त्यांनी तोच छोटा प्रोग्रॅम इंग्रजीत, मग शब्द बदलून फ्रेंचमध्ये आणि जर्मनमध्ये चालवून दाखवला. मशीनला काय, एक खूण जाऊन दुसरी खूण आली. साहेबलोक मात्र हादरले. अमेरिकेत बनलेल्या कॉम्प्युटरला फ्रेंच कसं काय कळेल! बाईंना पुढं इंग्रजीच ठेवण्याची कबुली द्यावी लागली. माझ्या मनात आलं, त्या दिवशी मराठी शब्द घातले असते तरी ते मशीन चाललंच असतं.

यातून फ्लो-मॅटिक आली आणि तिच्या पायावर १९५९ मध्ये कोबॉल. कोबॉल समितीनं बनवली, जीन सॅमेट, बेटी होल्बर्टन अशा अनेकांनी. बाई सल्लागार होत्या. त्यांना कोबॉलची आई म्हणतात, त्यापेक्षा आजी म्हणणं जास्त बरोबर. पण मला सगळ्यात भारी वाटला तो डिसेंबर १९६० मधला प्रसंग. जवळपास एकच कोबॉल प्रोग्रॅम दोन वेगळ्या कंपन्यांच्या दोन वेगळ्या मशीनवर चालला, आरसीएच्या आणि युनिव्हॅकच्या. आज आपण एकच ॲप कुठल्याही फोनवर टाकतो, म्हणून यात नवल ते काय असं वाटेल. पण तोवर मशीन बदललं की प्रोग्रॅम पहिल्यापासून लिहायचा, हीच रीत होती.

आपल्याकडं तेव्हा काय होतं? मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटानं १९५० च्या दशकात स्वतः बनवलेलं टिफ्रॅक होतं. ४० बिटचे २०४८ शब्द, एवढी त्याची मेमरी. जगात तसं एकच मशीन, त्यामुळं त्याच्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम जगात फक्त कुलाब्यातच चालणार. १९६४ मध्ये तिथं सीडीसी ३६०० हे अमेरिकन मशीन आलं आणि फोरट्रान शिकून लिहिलेलं बाहेरच्या जगातही चालू लागलं.

आता परत आमच्या खोलीत या.

तुम्ही सी भाषेत लिहिता तेव्हा खाली इंटेलचा प्रोसेसर आहे की आर्मचा, याची फिकीर कंपायलर करतो. ही ग्रेसबाई आणि त्यांच्या पिढीची देणगी. पण डीबगरला ही सवलत नाही. तो चालू प्रोग्रॅमच्या पोटात हात घालतो, त्यामुळं त्याला खालचं सगळं माहीत लागतं. एका ठिकाणी प्रोग्रॅम थांबवायचा, याला ब्रेकपॉइंट म्हणतात. हा शब्द बेटी होल्बर्टन यांच्याकडून आला असं मानतात. त्या आधी एनियाक मशीनवर होत्या, आणि तिथं खरंच एक केबल काढून मशीन हव्या त्या जागी थांबवायचे. आज डीबगर काय करतो, तर त्या जागेवरची मूळ सूचना उचलून बाजूला ठेवतो आणि तिथं थांब असं सांगणारी सूचना घालतो. इंटेलच्या प्रोसेसरवर ती एका बाइटची असते, ६४ बिट आर्मवर चार बाइटची. इंटेलकडं नेहमीची रजिस्टरं सोळा, आर्मकडं एकतीस. आणि एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याच्या मेमरीत ढवळाढवळ करायची तर ऑपरेटिंग सिस्टिमची परवानगी हवी. लिनक्समध्ये ती पीट्रेस नावाच्या वाटेनं मागायची, विंडोजची वाट वेगळी.

मलकापूरकरांना हे सांगायला मला सोपं आहे. आपल्याकडं चोवीस तास मीटरनं पाणी आहे. लाइन कुठं गळतेय ते शोधायचं तर एकेक वॉल्व्ह बंद करत जायचं. पण वॉल्व्हला बसेल अशीच चावी पाहिजे, आणि रस्ता उकरायला पालिकेची परवानगी. चावी प्रोसेसरप्रमाणं, परवानगी ऑपरेटिंग सिस्टिमप्रमाणं. माझ्या रूममेटकडं इंटेलची चावी होती आणि वॉल्व्ह आर्मचा.

दीड वाजता तिला वाट सापडली. तुमच्यावर ही वेळ आली तर कामाला येईल म्हणून लिहिते. लॅपटॉपवरच्या साध्या जीडीबीऐवजी जीडीबी-मल्टिआर्च टाकायचा, त्याला बऱ्याच जातींचे प्रोसेसर कळतात. पायवर जीडीबीसर्व्हर टाकायचा, तो तिथं बसून प्रत्यक्ष थांबवण्याचं काम करतो. दोन्ही एकाच हॉटस्पॉटवर आणायचे. पायवर प्रोग्रॅम जीडीबीसर्व्हरमधून एक पोर्ट नंबर देऊन सुरू करायचा, आणि लॅपटॉपवर तीच फाइल उघडून टार्गेट रिमोट या आज्ञेपुढं पायचा पत्ता आणि तो पोर्ट द्यायचा. लायब्ररी पायवरच्याच वापरायला सांगायचं, त्याला सिसरूट म्हणतात, नाहीतर तो लॅपटॉपवरच्या इंटेलवाल्या शोधत बसतो. बोर्ड ६४ बिटचा असला तरी त्यावर ३२ बिटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकलेली असू शकते, मग रजिस्टरंही वेगळी दिसतात; ते आधी बघून घ्यायचं.

जोडणी झाली, तरी पहिल्यांदा नुसते आकडेच दिसले, एकही नाव नाही. कंपाइल करताना डीबगची माहिती ठेवलीच नव्हती. वजा जी लावून पुन्हा केलं. मग काही व्हेरिएबल ऑप्टिमाइझ होऊन गायब. ते ऑप्टिमायझेशन शून्यावर आणून तिसऱ्यांदा केलं. मी तोवर दोनदा चहा केला.

चौथ्यांदा ब्रेकपॉइंट बरोबर बसला आणि चूक समोर आली. फाइल संपली की वाचणारं फंक्शन उणे एक देतं. ते तिनं चार प्रकारच्या, म्हणजे एका अक्षराच्या, व्हेरिएबलमध्ये ठेवलं होतं. इंटेलच्या लिनक्सवर या प्रकारात उणे संख्या बसते. आर्मच्या लिनक्सवर नुसतं चार लिहिलं तर बसत नाही, तिथं उणे एकचे होतात २५५. प्रोग्रॅम बिचारा उणे एकची वाट बघत होता आणि समोर कायम २५५. चारच्या जागी इंट लिहिलं. तीन अक्षरं! बोर्डाची काहीही चूक नव्हती.

मशीन बदललं की एकाच भाषेचा अर्थ असा थोडाथोडा सरकतो, हे ग्रेसबाईंना चांगलंच माहीत होतं. त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध याच्याशीच झगडण्यात गेला. १९६६ च्या शेवटी नौदलानं वय झालं म्हणून त्यांना निवृत्त केलं आणि आठ महिन्यांत परत बोलावलं. प्रत्येक कंपनीची कोबॉल थोडी वेगळी वागत होती, नौदलाची हिशोबाची कामं अडत होती. सहा महिन्यांसाठी म्हणून गेलेल्या बाई, मध्ये थोडा खंड सोडला तर, जवळजवळ वीस वर्षं राहिल्या. कोणाचा कंपायलर नियमाप्रमाणं चालतो आणि कोणाचा नाही, हे तपासणारे प्रोग्रॅम त्यांच्या गटानं बनवले. दिसायला कंटाळवाणं काम, भाषणात सांगण्यासारखं काही नाही. पण माझ्या मते पतंगापेक्षा ते कितीतरी मोठं.

भाषणं मात्र त्या झोकात करायच्या. नॅनोसेकंद म्हणजे किती हे दाखवायला सुमारे तीस सेंटिमीटरची तार हातात द्यायच्या. सेकंदाच्या अब्जाव्या भागात प्रकाश फार तर एवढाच जातो. ऑफिसातल्या भिंतीवर उलट्या दिशेनं फिरणारं घड्याळ लावलं होतं, नेहमीपेक्षा वेगळंही चालतं हे लोकांना दिसावं म्हणून. घड्याळांची खोड गेली नव्हती तर! १९८६ मध्ये रिअर अ‍ॅडमिरल म्हणून बॉस्टनला एका जुन्या युद्धनौकेवर त्यांची निवृत्ती झाली, वय ७९. तेव्हा नौदलात सेवेत असलेल्या त्या सगळ्यात वयस्कर अधिकारी होत्या. घरी बसल्याच नाहीत, डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत सल्लागार झाल्या. १ जानेवारी १९९२ ला, ८५ व्या वर्षी, गेल्या. अर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत त्यांचं दफन झालं.

आमच्या डेमोचं विचाराल तर झाला. सरांनी दोनच प्रश्न विचारले, त्यातला एक नेमका लॅपटॉप आणि बोर्ड यांच्यातल्या फरकाचा होता, आणि ती त्यावर पाच मिनिटं थांबायला तयार नव्हती.

आणि हो, एक राहिलंच. एआयच्या मोठ्या कॉम्प्युटरांमध्ये लागणाऱ्या एनव्हिडियाच्या चिपांची नावं ऐकली असतील. त्यांच्या एका जीपीयूच्या पिढीचं नाव हॉपर आहे आणि ७२ कोअरच्या एका प्रोसेसरचं नाव ग्रेस. हा ग्रेस इंटेलच्या जातीचा नाही, ६४ बिट आर्मचा आहे, आमच्या त्या पायसारखाच. ब्रेकपॉइंटची सूचना चार बाइटची, रजिस्टरं एकतीस. आणि लिनक्सवर नुसतं चार लिहाल तर उणे एकचे तिथंही २५५ च होतात.